खिडकी आहे, मग पंखा कशाला?

पुण्या-मुंबईत फ्लॅटचं काम काढलं की इलेक्ट्रिशियन विचारतोच, "बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅनचा पॉइंट काढू का?" आणि घरातलं एखादं मोठं माणूस म्हणतं, "खिडकी आहे की! पूर्वी कुठे होते पंखे?" पूर्वी पंखे नव्हते हे खरंच. पण पूर्वी आजच्यासारखं बंद बाथरूमही नव्हतं, आणि या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

कोकणातल्या घरात न्हाणी मागच्या दाराला असायची. चुलीवर पाण्याचा हंडा, आडोशाला अर्ध्या भिंती किंवा झाप, वर कौलं. धूर आणि वाफ कौलांच्या फटींतून निघून जायची, सांडलेलं पाणी अळूला नाहीतर केळीला. देशावरच्या वाड्यात बंब परसात किंवा पडवीत पेटायचा. मुंबईच्या चाळीत खोलीच्या कोपऱ्यात बुटक्या कठड्याची मोरी होती, म्हणजे मोरीची हवा तीच खोलीची हवा. चार भिंती, छत आणि कडी लावलेलं दार अशी आंघोळीची स्वतंत्र खोली मध्यमवर्गीयांना मिळाली ती फ्लॅटबरोबर.

त्या खोलीला खिडकी असावी, या आग्रहामागचा इतिहास मात्र जुना आणि दुःखद आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर ठपका आला. 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या इंजिनिअरांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. साध्या भाषेत: समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच भिंत नको, म्हणजे खालच्या मजल्यालाही आकाश दिसेल. प्लेगच्या कारणाबद्दल त्यांचा अंदाज चुकला होता, पण हवेबद्दलची समज बरोबर होती. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींमधलं मोकळं अंतर ही त्याच विचाराची देणगी आहे.

हा नियम राहत्या खोल्यांसाठी होता. संडास-बाथरूमची खिडकी पुढे आतल्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या अरुंद पोकळीत उघडू लागली, आणि माझ्या मते आजच्या गोंधळाचं खरं कारण हेच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2005 च्या आवृत्तीत 30 मीटर उंचीच्या इमारतीसाठी डक्ट किमान 8 चौरस मीटर आणि रुंदीला किमान 2.4 मीटर सांगितला आहे. म्हणजे उंची रुंदीच्या साडेबारा पट. कुठे ती दुप्पट आणि कुठे हे! संहितेलाही हे कळत होतं. 30 मीटरच्या वरच्या इमारतींना डक्ट असला तरी यांत्रिक वायुवीजन, म्हणजे पंख्याने हवा खेळवणं हवंच, असं तिथे लिहिलं आहे. त्याहून बुटक्या इमारतींत काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं राहिलं, आणि आपली बहुतेक जुनी सोसायट्यांची घरं त्यातच मोडतात.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न थंडीने सोडवला. तिथे हिवाळ्यात खिडकी कुणी उघडत नाही. 1970 च्या दशकात तेल महागल्यावर इंधन वाचवायला घरांच्या फटी बुजवल्या गेल्या, ओल आतच कोंडली आणि भिंतींवर बुरशी धरू लागली. आता तिथल्या नियमांनुसार नव्या बाथरूमला खिडकी असली तरी पंखा लागतो, सेकंदाला 15 लिटर हवा ओढणारा. अमेरिकेत नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या निवासी इमारत संहितेत मात्र उघडणारी पुरेशी खिडकी किंवा पंखा, दोन्हींपैकी एक चालतं. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांचे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत.

आपल्याकडे दरम्यान खिडकीच बदलली. काचेच्या आडव्या पट्ट्या गेल्या, सरकत्या काचा आल्या. त्या अर्ध्याच उघडतात. डासांसाठी जाळी बसली. बाथरूमवर माळा काढताना झरोका बुजला. आणि बादलीच्या जागी गीझर-शॉवर आला, सकाळी एकामागून एक चार आंघोळी. 27 अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त 26 ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, 38 अंशांची जवळजवळ 46. आंघोळीनंतर हवा निवते तेव्हा मधली 20 ग्रॅम वाफ पाणी होऊन छतावर आणि टाइल्सच्या सांध्यांत बसते. काळे डाग तिथूनच सुरू होतात.

म्हणून खिडकी उघड्या अंगणावर किंवा रस्त्यावर उघडत असेल, आणि समोर दारातून हवा आत येत असेल, तर पंख्याची गरज मला वाटत नाही. आंघोळीनंतर ती उघडी ठेवायला हवी, एवढंच. खिडकी डक्टमध्ये असेल तर पंखा बसवावा, आणि त्याला बाहेरून झडपा असाव्यात. नाहीतर खालच्या मजल्याची वाफ वरच्या घरात शिरते. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा ओलीचिंब असते. तेव्हा पंखा गरम वाफ काढतो, भिंती कोरड्या करत नाही. फरशीवरचं पाणी व्हायपरने ओढावंच लागतं.

पंखा काय किंवा खिडकी काय, बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला आत हवा यावी लागते. दार घट्ट बसत असेल तर खाली बोटभर फट ठेवावी. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर गोष्ट जिवाची होते. बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नसतो, आणि आंघोळ करणारं माणूस आतच कोसळतं. हवा यायला वाट नसताना पंखा लावला, तर धुराड्यातला वायूही तो उलटा खोलीत ओढू शकतो. अशा घरात पंख्याचा पॉइंट काढण्याआधी गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हलवा.