पुढच्या भागाचे पैसे कोणी मोजायचे? एका वादाची पार्श्वभूमी

पुढचा भाग हवा असेल तर चाहत्यांनीच आधी खिशात हात घालावा, ही अपेक्षा व्हिडिओ गेमच्या व्यवसायात आज उघडपणे बोलून दाखवली जाते; २०२१ मध्ये ‘डेज गॉन’ या गेमचे दिग्दर्शक जॉन गार्विन यांच्या अशाच विधानावरून वाद झाला. ती कशी रुळली हे पाहायचे, तर ‘शेनमू’ मालिकेपासून सुरुवात करावी लागते.

जपानी गेमनिर्माते यू सुझुकी यांच्या या मालिकेचा पहिला भाग डिसेंबर १९९९ मध्ये जपानमध्ये सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेम खेळण्याच्या यंत्रावर आला. त्यावर ४ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाल्याचे सुझुकी यांनीच पुढे सांगितले. सुमारे १२ लाख प्रती खपूनही तो खर्च निघणे अवघड होते, कारण ड्रीमकास्टच मुळात फारसा विकला गेला नव्हता आणि २००१ मध्ये सेगाने त्याचे उत्पादन थांबवले. त्याच वर्षी जपान आणि युरोपात दुसरा भाग आला, पण अमेरिकेतील ड्रीमकास्टधारकांना तो मिळालाच नाही. तेथे तो २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आला, म्हणजे पहिल्या भागाला साथ देणाऱ्यांनी आता नवे यंत्र घ्यावे, असाच त्याचा अर्थ होता. कथा तर अर्ध्यावरच थांबली.

चाहते मात्र थांबले नाहीत. काही वर्षांनी दर महिन्याच्या ३ तारखेला ट्विटरवर एकत्र येऊन ते तिसऱ्या भागाची मागणी करू लागले. दरम्यान, फेब्रुवारी-मार्च २०१२ मध्ये डबल फाइन या स्टुडिओने किकस्टार्टर या संकेतस्थळावर ३३ लाख डॉलर जमवून लोकवर्गणीतून गेम उभा राहू शकतो हे दाखवून दिले होते. १५ जून २०१५ रोजी सोनीच्या कार्यक्रमाच्या मंचावरून ‘शेनमू ३’साठी असेच आवाहन झाले, तेव्हा २० लाख डॉलरचे उद्दिष्ट नऊ तासांच्या आत पूर्ण झाले आणि अखेरीस ६९ हजारांहून अधिक लोकांनी ६३ लाख डॉलर दिले. त्यांना नफ्यात वाटा नव्हता आणि निर्णयात मतही नव्हते. हे २०१९ मध्ये चांगलेच जाणवले: संगणकावरील आवृत्ती स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर देण्याचे ठरले असताना ती पहिले वर्ष फक्त त्याच्या प्रतिस्पर्धी एपिक गेम्स स्टोअरवर मिळेल, असे जाहीर झाले आणि संतापाची लाट उसळल्यावरच पैसे परत देण्याची तयारी दाखवण्यात आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेम आला. कथा त्यातही पूर्ण झाली नाही.

कॅपकॉम या जपानी गेम कंपनीचा पवित्रा तर याहून चमत्कारिक होता. ‘मेगा मॅन लेजेंड्स ३’च्या घडणीत चाहत्यांना सहभागी करून, पात्राच्या रूपावर त्यांची मते घेऊनही कंपनीने जुलै २०११ मध्ये तो गेम रद्द केला, आणि पुरेसे चाहते सहभागी झाले नाहीत, असा सूर तिच्या युरोपीय शाखेच्या ट्विटर खात्यावरून उमटला.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये ‘डेज गॉन’चे दिग्दर्शक जॉन गार्विन यांनी एका मुलाखतीत गेम आवडत असेल तर तो पूर्ण किमतीला घ्या, असे सुनावले. सवलतीत किंवा सदस्यत्वातून गेम खेळून पुढच्या भागासाठी हळहळणाऱ्यांवर त्यांचा रोख होता. गेमची प्रकाशक असलेल्या सोनीने दुसऱ्या भागाचा प्रस्ताव फेटाळल्याचे वृत्त तेव्हा नुकतेच आले होते. गार्विन यांचा वैताग समजण्यासारखा आहे, पण त्याच महिन्यात सोनी आपल्या प्लेस्टेशन प्लस या सशुल्क सेवेच्या सदस्यांना हाच गेम वेगळी किंमत न घेता देत होती. थांबलो तर स्वस्तात मिळेल, हे ग्राहकाला विक्रेत्यानेच शिकवले होते.