चीजवरची बुरशी आणि एक इंचाचा नियम : पार्श्वभूमी

बुरशी आलेल्या चीजचा इंचभर भाग कापून उरलेलं खायचं, हा नियम कुठून आला आणि आपल्या क्यूबला तो लागतो का, ते पाहू. रोकफोर या फ्रान्समधल्या गावच्या गुहांत निळ्या बुरशीचं चीज मुरवण्याचा हक्क फ्रान्सच्या राजाने तिथल्या रहिवाशांना 1411 मध्ये दिला आणि 1925 मध्ये त्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. या मोठ्या काळात बुरशी हा मुख्यतः चवीचा नाहीतर नासाडीचा विषय होता.

विषाची भीती शिरली ती 1960 नंतर. त्या वर्षी इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. कारण निघालं भुईमुगाच्या पेंडीतलं बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसं दगावली. असं विष डोळ्यांना दिसत नाही आणि नेहमीच्या शिजवण्याने पुरतं नष्टही होत नाही. म्हणून ‘खरवडून खा’ हा जुना सल्ला पुरेनासा झाला.

आज सगळीकडे फिरणारा नियम अमेरिकेच्या सरकारी सूचनांतला आहे : हार्ड चीजवर बुरशी आली तर डागाच्या भोवतीने आणि खाली किमान एक इंच कापून टाका, सुरी बुरशीला लागू देऊ नका. मऊ, किसलेलं किंवा स्लाइस केलेलं चीज मात्र सरळ फेका. नियम योग्यच आहे. घोटाळा आहे तो ‘हार्ड’ या शब्दात. फ्रिजमधून काढलेला क्यूब बोटांना कडक लागतो, म्हणून आपण त्याला हार्ड समजतो. इथे कडकपणा थंडीचा नाही, कमी पाण्याचा आणि मुरण्याचा अभिप्रेत आहे. पार्मेजानसारख्या मुरलेल्या, दाट चीजमध्ये बुरशीचे तंतू सहसा खोल जात नाहीत. आपला क्यूब असतो प्रोसेस्ड चीजचा, म्हणजे चीज क्षारांसोबत वितळवून पुन्हा घट्ट केलेला. त्या उष्णतेत मूळची बुरशी बहुतेक मरते. वर दिसणारा डाग सहसा वेष्टन फोडल्यानंतरचा, हवेतून किंवा ओल्या सुरीवरून आलेला. आणि 25 ग्रॅमच्या क्यूबची बाजू जेमतेम इंचभर! चारी बाजूंनी इंच सोडायचा तर हातात काही उरतच नाही. मोठ्या ठोकळ्यांसाठी केलेला नियम या क्यूबला लावून अर्धा तुकडा वाचवणं मला सरळ चूक वाटतं, मग तो मुलांच्या डब्यासाठी असो की आपल्या टोस्टसाठी. पनीरबद्दल तर प्रश्नच नको, त्यात पाणी भरपूर असतं.

पुढे चिंतेचा रोख बदलला. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून लिस्टेरिया पसरला आणि कित्येक गर्भ व नवजात बाळं दगावली. हा जिवाणू फ्रिजमध्येही वाढतो आणि डाग पाडत नाही. कामेंबेरसारख्या मऊ फ्रेंच चीजवर मुद्दाम वाढवलेली पांढरी बुरशी आम्लता कमी करते, त्याने लिस्टेरियाला उलट पोषक वातावरण मिळतं. म्हणूनच गरोदर बायकांना असं चीज न शिजवता खाऊ नका असं सांगतात.

अफ्लाटॉक्सिनचा धागा अजून तुटलेला नाही. गाईने बुरशी लागलेली पेंड खाल्ली की त्या विषाचं एक रूप दुधात उतरतं. भारतात दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे. ते केसिन या दुधातल्या प्रथिनाला चिकटत असल्याने चीजमध्ये त्याचं प्रमाण दुधापेक्षा वाढतं, आणि तिथे सुरी लावायला डागच नसतो.