जुन्या होडीला मोकळे हात नसतात

१ जूनला मासेमारी बंद झाली की मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि फायबरच्या होड्यांची डागडुजी निघते. कुणाची नाळ खडकाला घासलेली, कुणाच्या तळाला भोक. आणि एक सल्ला हमखास कानावर पडतो: "होडी पॉलिएस्टरची, मगे पॉलिएस्टरच लावूक व्हया." ऐकायला पटतं. रसायनशास्त्राला पटत नाही.

फायबरची होडी म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड किंवा मॅट रेझिनमध्ये भिजवून घट्ट केलेले थर. त्यातलं पॉलिएस्टर रेझिन म्हणजे स्टायरीन नावाच्या पातळ द्रवात विरघळलेले लांबलचक रेणू. डबा उघडताच नाकात जातो तो वास स्टायरीनचा. दोघांकडेही कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतात. आपण रेझिनमध्ये आधी कोबाल्ट ढवळतो, मग एक-दोन टक्के पेरॉक्साइड. (हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो.) कोबाल्ट पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तोडतो आणि एक मुक्त मूलक सुटतो. त्याचा एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा. तो जवळच्या दुहेरी बंधावर झडप घालतो, बंध उघडतो, जोडला जातो. पण बिनजोडीचेपण संपत नाही, ते पुढच्या टोकाला सरकतं. तिथून पुढचा स्टायरीन, मग शेजारचा लांब रेणू, मग पुन्हा स्टायरीन. बघता बघता द्रवाची जाळी विणली जाते आणि भांडं हाताला गरम लागतं. दुकानात पेरॉक्साइडला 'कॅटलिस्ट' म्हणतात, ते चूकच. उत्प्रेरक संपत नाही, हे खर्ची पडतं.

आता होडीकडे या. नवी होडी बांधताना थरावर थर भराभर चढतात. खालच्या थरात न वापरलेले दुहेरी बंध, म्हणजे मोकळे हात, शिल्लक असतात आणि नवा थर त्यांत गुंफला जातो. दहा वर्षांच्या होडीत ते हात केव्हाच गुंतून गेलेले. तिथे ठिगळ गुंफलं जात नाही, नुसतं चिकटतं. म्हणजे तुम्हाला हवा असतो गोंद, आणि गोंद म्हणून पॉलिएस्टर बेताचंच. घट्ट होताना ते ५ ते ८ टक्के आकसतं आणि आपल्याच कडा ओढतं.

दुसरा पर्याय इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारं वेगळं रेझिन. त्याच्या रेणूतलं अणूंचं कडं उघडताना प्रत्येक वेळी एक ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) मागे राहतो. हे गट काचेला आणि जुन्या रेझिनला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. आकसणंही बरंच कमी. म्हणून पाण्याखालच्या भोकाला इपॉक्सी. जेलकोटवरच्या, म्हणजे होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरच्या, वरवरच्या ओरखड्याला स्वस्त पॉलिएस्टर चालतं. व्हिनाइल एस्टर हे तिसरं रेझिन या दोघांच्या मधलं: सांगाडा इपॉक्सीचा, घट्ट व्हायची रीत पॉलिएस्टरची.

'हार्डनर चार थेंब जास्त, मजबुती जास्त' ही श्रद्धा इपॉक्सीपाशी तरी सोडा. इथे हार्डनर जाळीचाच भाग असतो; जादा झाला तर जोडीदाराविना उरतो आणि ठिगळ मऊ पडतं. डब्यावरच्या 'मरीन' या शब्दानेही काही चिकटत नाही.

जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर कधी कधी मेणचट साय येते. हार्डनरमधली अमाइन्स हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा पकडतात, त्याची ती. पुढचा थर देण्याआधी साध्या पाण्याने घासून धुवा, नाहीतर तो सायीवरच बसेल.

भोकाची कड जाडीच्या साधारण बारापट उतरती घासायची, म्हणजे ६ मिमी जाडीला चहूबाजूंनी ७२ मिमी. आणि इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्या. तुकड्यांच्या मॅटमधला धागे धरणारा डिंक बहुधा स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट वळणावर ताठ उभी राहते.