भोंगा, कॅमेरा आणि कुलूप : एका जोडणीची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी काही वर्षं हिशेबाला होतो. एका रात्री पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, ठेवायच्या शेडमध्ये धूर झाला. आगीचा इशारा देणारं पॅनेल वाजलं, पण ते ऑफिसच्या जिन्याखाली. कॅमेऱ्यांची स्क्रीन मॅनेजरच्या केबिनमध्ये, आणि केबिनला कुलूप. गेटवरच्या वॉचमनला भोंगा ऐकू आला, पण कुठल्या शेडचा ते कळेना. आग लहान होती म्हणून निभावलं. सगळी यंत्रं चालू होती, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता.

ही यंत्रं एकमेकांशी जोडलेली का नव्हती, हे त्यांच्या जन्मकथेत दिसतं. १८५२ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात चॅनिंग आणि फार्मर या दोघांनी आगीची तारयंत्रणा उभी केली. रस्त्यावरच्या पेटीतली मूठ फिरवली की त्या पेटीचा क्रमांक तारेने मध्यवर्ती कचेरीत पोचायचा आणि तिथून शहरातल्या घंटांवर वाजायचा. म्हणजे ‘आग लागली’ याच्याबरोबरच ‘कुठे’ हेही कळायचं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण पुढे शंभर वर्षं आपण तीच विसरलो. पुढच्याच वर्षी, त्याच परिसरात, पोप यांनी चोरासाठी विजेच्या घंटेचं पेटंट घेतलं. ती वेगळी तार, वेगळा धंदा. कॅमेरा आला युद्धातून. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटचं उड्डाण लांबून पाहण्यासाठी तो वापरला गेला. कार्डाने उघडणारी कुलुपं आणखी तिसऱ्याच कारखान्यांतून आली. प्रत्येकाचा ठेकेदार निराळा, वायर निराळी, दुरुस्तीला येणारा माणूसही निराळा.

१९९६ मध्ये अ‍ॅक्सिस कंपनीचा संगणकाच्या नेटवर्कवर चालणारा कॅमेरा बाजारात आला. २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ऑनव्हिफ ही संस्था काढून निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठी सामाईक नियम ठरवायला घेतले. अशा जोडलेल्या यंत्रणेत आता धुराच्या सेन्सरला धूर लागला की जवळच्या कॅमेऱ्याचं चित्र आपोआप पडद्यावर येतं, नकाशावर जागा उजळते, फोनवर निरोप जातो. अवघड भाग दारांचा. चोर शिरला तर दार बंद राहायला हवं, आग लागली तर सुटकेचं दार उघडायला हवं, आणि दोन्ही इशारे एकदम आले तर आगीचं ऐकायचं. हे आधी माणसाने बसून ठरवावं लागतं, मगच यंत्राला सांगता येतं.

बेळगावात खडेबाजारात रात्री गुरख्याची काठी आणि शिट्टी वाजायची, तीच आपली यंत्रणा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं आणि त्यातून शहराचं कमांड सेंटर, म्हणजे शहरावर एका जागेवरून नजर ठेवायची खोली, झालं. २०१७ च्या कर्नाटकच्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे लावणं आणि चित्रण तीस दिवस जपणं बंधनकारक केलं. दुकानांत कॅमेरे भरपूर लागले, पण ते बहुतेक चोरी झाल्यावर मागे जाऊन बघायलाच उपयोगी पडतात.

२०१२ च्या दिल्लीतल्या बलात्काराच्या घटनेनंतर तातडीच्या मदतीसाठी देशभर एकच ११२ नंबर आणायचं ठरलं. मात्र प्रत्येक राज्याचं केंद्र वेगळं. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याजवळ फोनने महाराष्ट्रातल्या कागलकडचा टॉवर पकडला, तर निपाणी तालुक्यातल्या माणसाचा कॉल महाराष्ट्राच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून सीमाभागात ११२ लावल्यावर आधी गाव, तालुका आणि राज्य सांगावं. भाषेचाही प्रश्न आहेच. पडद्यावर इंग्रजीत आलेला इशारा रात्रपाळीच्या वॉचमनला वाचता आला नाही, तर आधीची सगळी घाई वाया जाते.

आमच्या फाउंड्रीत पुढे पॅनेलची तार गेटपर्यंत ओढली. वॉचमनच्या टेबलावर सात लाल दिव्यांची पाटी बसवली. प्रत्येक दिव्याखाली शेडचं नाव, मराठीत आणि कन्नडमध्ये.