भाषणातला आकडा आला कुठून?

भाषणकलेच्या ट्रेनिंगमध्ये हमखास ऐकायला मिळणारा एक आकडा आहे, की श्रोत्यांवर पडणाऱ्या प्रभावात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा तब्बल 55 टक्के. स्लाइडवर छान दिसतो, लोक लगेच वहीत उतरवून घेतात. पण जरा विचार करा, हे खरं असतं तर परक्या भाषेतला सिनेमा सबटायटल्स बंद करून बघितला तरी 93 टक्के कळायला हवा होता की!

गंमत म्हणजे हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये सहकाऱ्यांसोबत दोन छोटे प्रयोग छापले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, दुसऱ्यात तर 'मेबी' (कदाचित) हा एकच शब्द, कधी प्रेमाने, कधी कोरडेपणाने, कधी नाराजीने म्हटलेला, आणि सोबत तसेच वेगवेगळ्या भावांचे चेहऱ्याचे फोटो. ऐकणाऱ्याने एवढंच सांगायचं, की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतोय की नाही. दोन्हींचे निकाल जोडून ते 7-38-55 तयार झालं. म्हणजे इथे भाषण नव्हतं, सभा नव्हती, साधं एक पूर्ण वाक्यसुद्धा नव्हतं. भावना किंवा आवडनिवड यावर बोलणं चाललं नसेल तर हे सूत्र लागूच होत नाही असं मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलंय, तरी ते सगळीकडे ठोकून दिलं जातं.

म्हणून माझं ठाम मत आहे, की भाषणात आकडा घ्यायचा तर तो जिथे जन्मला तिथपर्यंत जायचं आणि बघायचं की नक्की काय मोजलं, कुणावर मोजलं. हे केलं की बरेच आकडे आपोआप गळतात. 'वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20 टक्के' हे घ्या. याच्यासोबत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव लावतात, पण त्यांच्या 1946 च्या 'अनुभवांचा शंकू' या मूळ आकृतीत टक्केवारी नव्हतीच, ती नंतर दुसऱ्यांनी चिकटवली. असे दहाच्या पटीतले गुळगुळीत आकडे दिसले की तिथेच सावध व्हावं.

आता कुणी म्हणेल, अहो पण दहा वेबसाइटवर तेच लिहिलंय. तेच तर! 1977 मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा दाखवली, काही तीच, काही नवीन. जी पुन्हा पुन्हा समोर आली ती लोकांना जास्त खरी वाटायला लागली, मग ती खरी असोत की खोटी. दहा जागी दिसलेला आकडा आपल्यालाही असाच पटतो, आणि बऱ्याचदा त्या दहाही जणांनी तो एकाच ठिकाणाहून उचललेला असतो.

मग तपासायचं कसं? सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी 10 इतिहासतज्ज्ञ, 10 प्रोफेशनल फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे 25 विद्यार्थी घेतले आणि त्यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासतज्ज्ञही त्याच पानावर वर-खाली करत बसले, लोगो, डिझाइन, पत्ता याला भुलले. फॅक्ट-चेकर मात्र पान धड वाचायच्या आत दुसरे टॅब उघडून ही संस्था कोण, तिला पैसा कोण देतं, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात हे बघत होते, आणि कमी वेळात बरोबर उत्तरापर्यंत तेच पोचले. पानाबाहेर पडून पान तपासायचं, ही सवय कुणालाही लावून घेता येते.

अजून एक गोष्ट, आकडा खरा असूनही चुकीचा पोचू शकतो. 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती, तर आधी 7 हजार बायकांत 1, आता 7 हजारांत 2. पण लोकांपर्यंत पोचलं ते 'दुप्पट', घाबरून असंख्य जणींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे 13 हजार जास्तीचे गर्भपात झाले. एका शब्दाचा हा परिणाम, खरंच वाईट वाटतं वाचून.

लेख वाचणारा मागे जाऊन पुन्हा बघू शकतो, हॉलमध्ये बसलेल्याला ती सोय नाही. त्यामुळे 'दुप्पट' किंवा 'इतके टक्के वाढ' म्हणायचं असेल तर किती वरून किती हे त्याच दमात सांगा, आणि अभ्यास कुणाचा, कोणत्या वर्षीचा, किती लोकांवरचा हेही तिथेच बोलून टाका. दहा सेकंद जातात फार तर.