कठीण पातळीवर संगणक जास्त हुशार होतो का?

‘पातळी वाढवली की संगणक जास्त डोकं लावून खेळतो.’ सिव्हिलायझेशनसारखे, शहरं वसवून साम्राज्य उभारायचे, पाळीपाळीने खेळायचे संगणकावरचे खेळ शिकणाऱ्यांना हे हमखास ऐकायला मिळतं. असं वाटणं अगदी साहजिक आहे, कारण समोरचा खरोखरच भराभर पुढे जाताना दिसतो.

सिव्हिलायझेशन ६ मध्ये मात्र संगणकाची बुद्धी सगळीकडे जवळपास तीच असते. बदलते ती त्याला मिळणारी मदत. एकूण ८ पातळ्यांपैकी चौथी, म्हणजे ‘प्रिन्स’, बरोबरीची: तिथे कुणालाच जादा मदत नसते. तिच्या वर उत्पादन, सोनं आणि विज्ञानात संगणकाला वाढीव टक्के मिळतात. सर्वांत वरच्या ‘डीटी’ पातळीवर तर तुमच्याकडे १ सेटलर (नवं शहर वसवणारी तुकडी) असताना तो ३ सेटलर घेऊन सुरुवात करतो, आणि त्याच्या प्रत्येक सैनिकाला लढाईत ४ गुण जादा असतात.

पडताळा सोपा आहे. ‘डीटी’वर खेळ सुरू करा आणि हल्ल्याआधी शत्रूच्या तुकडीवर माउस नेऊन थांबा. ताकदीच्या हिशेबात पातळीमुळे मिळालेले गुण वेगळे लिहिलेले दिसतील. मग त्याच्या चाली बघा: धनुर्धर उघड्यावर आणणं, तटबंदीच्या शहरावर एकेक तुकडी पाठवणं, या चुका ‘प्रिन्स’वरही तशाच होतात.

हे कळलं की शिकण्याची दिशाच बदलते. सुरुवातीच्या ‘आश्चर्यां’साठी (एकालाच बांधता येणाऱ्या भव्य वास्तूंसाठी) त्याच्याशी शर्यत लावण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा आधी स्काउट (टेहळणी करणारी तुकडी) काढा, नकाशा उघडा, जवळची खिंड किंवा नदी शोधा आणि तिथे धनुर्धर बसवा. त्याची आघाडी मुख्यतः सुरुवातीची असते, चाली मात्र शेवटपर्यंत त्याच राहतात.