हॅमस्टरला भाजी द्यावी, पण किती?

क्रॉफर्ड मार्केटमधून हॅमस्टर घरी आला की दोन-चार दिवसांतच घरात प्रश्न निघतो, याला भाजी कोणती चालते? प्रश्न योग्यच आहे, पण त्याच्या आधी वजनाकडे बघायला हवं. पूर्ण वाढलेला सीरियन हॅमस्टर साधारण १२० ते १५० ग्रॅमचा असतो, बुटक्या जातींचा जेमतेम ३० ते ५० ग्रॅमचा. साठ किलोच्या माणसाच्या तुलनेत १२० ग्रॅमचा हॅमस्टर पाचशेपट हलका. म्हणजे काकडीची दहा ग्रॅमची एक चकती त्याच्यापुढे ठेवणं हे आपल्यापुढे पाच किलो काकडी ठेवण्यासारखं आहे. निर्धोक भाजीनेही हॅमस्टरचं पोट बिघडतं, ते इथे.

हा प्राणी मुळात कोरड्या मुलखातला. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सीरियन हॅमस्टरची वंशावळ १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतातून पकडलेल्या एका मादीपर्यंत आणि तिच्या पिल्लांपर्यंत जाते. धान्य, बिया, थोडा हिरवा पाला आणि अधूनमधून किडे हा त्यांचा आहार. त्यांच्या जठराला दोन कप्पे असतात आणि पुढच्या कप्प्यात सूक्ष्मजीव अन्न आंबवतात. रोजच्या कोरड्या दाण्यांची सवय असलेल्या या पोटात अचानक भरपूर पाणीदार भाजी गेली की जुलाब होऊ शकतात. म्हणून दाणे हेच जेवण, आणि भाजी म्हणजे तोंडी लावणं.

काकडी, ढोबळी मिरची, ब्रोकोली, गाजर, कोथिंबिरीची दोन पानं, हे सगळं चालतं. सीरियन हॅमस्टरला आपल्या अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, बुटक्यांना त्याच्या निम्मा. नवी भाजी एका वेळी एकच द्यावी, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. फळांत बिया काढलेली सफरचंदाची छोटी फोड किंवा स्ट्रॉबेरीचा कण चालेल, तोही क्वचित. बिया काढायच्या, कारण त्या चावल्या गेल्या की त्यातून सायनाइड सुटतं. चिकू, केळं, आंबा यांत साखर फार. बुटक्यांपैकी कॅम्पबेल जातीला तर मधुमेहाची प्रवृत्तीच असते, त्यांना फळं न दिलेलीच बरी. हापूसच्या दिवसांत घरातल्या मुलांना हे समजावणं कठीण जातं, पण समजवावं.

काकडी कापताना आपण टोक काढून चोळतो आणि एक चकती चाखून बघतो. हॅमस्टरसाठीही ती चव घ्याच. काकडी, दुधी, पडवळ या वेलवर्गीय भाज्यांत कधीकधी क्युकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं वाढतात आणि ती शिजवूनही जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन धडधाकट माणसं दगावली आहेत. त्यामुळे जीभेला किंचित जरी कडू लागलं तरी तो तुकडा पिंजऱ्यात जाता कामा नये.

काही गोष्टींना मात्र थोडंसुद्धा चालतं म्हणू नये. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवल्यावरही. म्हणून रविवारच्या कांदेपोह्यांतला घासही नको. कच्चा किंवा हिरवट बटाटा, त्याचे कोंब, टोमॅटोची पानं-देठ, कच्चा राजमा आणि अ‍ॅव्होकॅडो हेही वर्ज्य. संत्रं-लिंबू आंबट म्हणून टाळावं. क जीवनसत्त्वासाठी ते द्यावं असं बरेच जण सांगतात, पण ती गरज गिनीपिगची. हॅमस्टर हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो.

आता मुंबईतली खरी अडचण. हॅमस्टर मिळालेलं सगळं तिथेच खात नाही. गाजराचा तुकडा तोंडात घेतो, तो गालाच्या पिशवीत सरकतो, पार खांद्यापर्यंत फुगवटा दिसतो. मग घरट्याच्या कोपऱ्यात जाऊन पुढच्या दोन्ही पायांनी गाल मागून पुढे दाबत तो सगळं बाहेर काढतो आणि कागदाच्या चिंध्यांखाली पुरून ठेवतो. दाणे असे महिनोन्महिने टिकतात. ओली भाजी आपल्या जुलैच्या दमट हवेत एका रात्रीत चिकट होते, दुसऱ्या रात्रीपर्यंत बुरशी धरते, आणि भूक लागली की तो तीच काढून खातो. यासाठी भाजी संध्याकाळी तो जागा झाल्यावर द्यावी, वाहत्या पाण्याखाली धुऊन, पुसून, फ्रिजमधून थेट नव्हे. सकाळी साठा उघडून उरलेले तुकडे काढून टाकावेत. दाण्यांचा साठा मात्र शक्यतो तसाच राहू द्यावा. तो पूर्ण उपसला की हॅमस्टर बेचैन होतो.

नुकत्याच आणलेल्या पिल्लाला पहिले काही दिवस भाजी देऊच नये. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना जागाबदलाच्या ताणात आतड्याचा जीवघेणा संसर्ग होतो. शेपटीखालचा भाग ओला आणि घाण दिसतो, पिल्लू पाठ वाकवून बसून राहतं, दाण्यांना तोंड लावत नाही. असं दिसलं तर भाजी लगेच बंद करून त्याच दिवशी छोट्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावं. दोन-तीन दिवसांतच पिल्लू हातचं जाऊ शकतं.